दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीसाठी: एक शीट प्लाय, तीन पाइप आणि नट-बोल्टवरचं फर्निचर

जून उजाडला की मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आई-वडील मुलांना घेऊन लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या गल्ल्यांतून खोल्या शोधत फिरतात. अकरावी-बारावीची दोन वर्षं, नीटचा आणखी एक प्रयत्न करायचा ठरला तर तीन. खोली बहुतेक वेळा दहा बाय दहाची, मागे ओट्यापुरती जागा. आई मुलांजवळ राहते, वडील शेताकडे. गावाकडून ज्वारीची पोती येतात, गहू येतो, डाळी येतात, गाद्या-गोधड्या येतात. हे सगळं ठेवून झाल्यावर अभ्यासाला बसायला कोपरा शोधावा लागतो. माझ्या मते ही गोष्ट उलटी व्हायला हवी: आधी मुलाची अभ्यासाची आणि झोपायची जागा ठरावी, धान्य-सामान तिच्या खाली जावं.

भाड्याच्या खोलीत दोन अडचणी असतात. भिंतीला ड्रिल लावलं तर घरमालक नाराज होतो, आणि खोली सोडताना सगळं उचलून न्यावं लागतं. भुशाच्या बोर्डाचं तयार टेबल स्वस्त मिळतं, पण एकदा खोललं की त्यातली स्क्रूची भोकं सैल होतात आणि दुसऱ्या खोलीत ते पुन्हा घट्ट बसत नाही. खिळ्यांनी ठोकलेलं लाकूड खोलताना फुटतं. म्हणून या लेखातला पलंग नट-बोल्टवर उभा आहे, टेबल बिजागरीवर मिटतं, आणि कशालाही भिंत लागत नाही. आठ बाय चार फुटांची प्लायची एक शीट, वीस फुटी चौकोनी पाइप तीन, आणि दीड घनफूट पाइनचं लाकूड एवढ्या मालात चार वस्तू होतात: सहा बाय तीनचा पलंग, चार बाय दोनचं मिटवता येणारं टेबल, तीन फळ्यांची मांडणी आणि पाण्यासाठी एक घडवंची.

आधी खोली मोजा, मग खडूने आखा

टेप घेऊन खोलीची लांबी-रुंदी तर मोजाच, पण दार आत किती उघडतं, खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंचीवर आहे, लाइटचा पॉइंट कुठे आहे हेही मोजा. जिना अरुंद असेल तर त्याचं वळण बघून ठेवा. या कामातला सगळ्यांत लांब तुकडा सहा फुटांचा पाइप आहे आणि सगळ्यांत रुंद तुकडा तीन बाय तीनचा, त्यामुळे बहुतेक जिन्यांतून अडचण येत नाही.

मोजून झालं की फरशीवर खडूने पलंग, टेबल आणि मांडणीचे चौकोन खऱ्या मापात आखा. आखलेल्या रेघा न ओलांडता दारातून ओट्यापर्यंत, ओट्यापासून मोरीपर्यंत चालून बघा. चालायला दोन फूट वाट मोकळी हवी. टेबल असं ठेवा की उजव्या हाताने लिहिणाऱ्यावर खिडकीचा उजेड डावीकडून पडेल. दहा बाय दहा म्हणजे शंभर चौरस फूट. त्यातले पलंगाला अठरा, टेबलाला आठ आणि मांडणीला दोन गेले तरी बहात्तर उरतात. रात्री टेबल मिटलं की ऐंशी. तेवढ्यात आणखी दोघांची अंथरुणं सहज पडतात.

शीट कशी कापायची

या सगळ्या कामाची किल्ली इथे आहे, म्हणून कागदावर चित्र काढूनच दुकानात जा. शीट आठ फूट लांब, चार फूट रुंद. पहिला काप आडवा, सहा फुटांवर. आता हातात सहा बाय चारचा एक आणि चार बाय दोनचा दुसरा तुकडा आला. हा चार बाय दोनचा तुकडा म्हणजे टेबलाचा माथा. मोठ्या तुकड्याला उभा काप द्या, तीन फुटांवर: सहा बाय तीनचा पलंगाचा भाग आणि सहा बाय एकची पट्टी. पलंगाचा भाग मधोमध कापून तीन बाय तीनचे दोन तुकडे करा, आणि पट्टीचे दोन-दोन फुटांचे तीन. त्या मांडणीच्या फळ्या. बत्तीस चौरस फुटांतला एकही तुकडा भंगारात जात नाही.

कापताना करवतीचं पातं साधारण तीन मिलिमीटर लाकूड खातं, म्हणून प्रत्येक तुकडा मापाला किंचित कमी भरेल. त्याने काही बिघडत नाही. पलंगाच्या दोन तुकड्यांमध्ये राहिलेली सूतभर फट पावसाळ्यात प्लाय फुगल्यावर उपयोगीच पडते. बरीच दुकानं शीट घेतली की मशीनवर कापून देतात. हाताने कापण्यापेक्षा ते केव्हाही बरं, कारण पाचही काप काटकोनात पडायला हवेत. कापून झाल्यावर प्रत्येक तुकड्याचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे भरले म्हणजे तुकडा चौकोनी आहे.

प्लाय घेताना

सहा सुती प्लाय मागा, म्हणजे १८-१९ मिलिमीटर जाडीचा. चार सुतीत पलंग भागला असता, पण टेबलाचा माथा झोल खातो आणि पुस्तकांच्या फळीला काही महिन्यांत बाक येतो. दुकानात दोन जाती दाखवतील. एक कमर्शियल, तिच्यावर आय.एस. ३०३ चा शिक्का असतो. दुसरी पाण्याला टिकणारी, आय.एस. ७१०. कोरड्या खोलीतल्या पलंग-टेबलाला पहिली पुरते. खोली पत्र्याची असेल आणि पावसात गळत असेल, तर मात्र दुसरीसाठी जास्तीचे पैसे मोजा.

भाव चौरस फुटाला सांगतात, त्याला बत्तीसने गुणा. पैसे देण्याआधी शीट उभी करून कडेने एका डोळ्याने बघा, धनुष्यासारखी वाकलेली असेल तर दुसरी काढायला सांगा. मग बोटाच्या पेराने जागोजागी ठोकून ऐका. जिथे पोकळ आवाज येतो तिथे आतल्या थरात जोड सुटलेला असतो. कडेला बघितलं तरी थरांमधली भोकं दिसतात. दुकानदार घाई करतो, करू द्या. या चार वस्तूंतला निम्म्याहून जास्त भार प्लायच उचलणार आहे.

पाइप

चौकोनी पाइप एक बाय एक इंचाचा, १६ गेजचा घ्या. त्याची भिंत साधारण १.६ मिलिमीटर जाड असते. वीस फुटांचा एक पाइप सात किलोच्या आसपास भरतो, म्हणजे तीन पाइप एकवीस किलो. भाव किलोवर असतो, म्हणून काट्यावर घालूनच घ्या. वजन बरंच कमी भरलं तर पाइप पातळ गेजचा आहे हे लगेच कळतं. वेल्डिंग करायचं असल्याने साधा काळा पाइप घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वेल्डिंगमध्ये तापला की त्यातून निघणारा धूर छातीला बाधतो.

कापणी अशी: पहिल्या पाइपातून सहा-सहा फुटांचे दोन, तीन-तीन फुटांचे दोन आणि अठरा इंचांचा एक. दुसऱ्यातून तीन फुटांचे चार, चौतीस इंचांचे दोन आणि अठरा इंचांचा एक. तिसऱ्यातून अठरा इंचांचे चार. इथपर्यंत पलंग झाला. तिसऱ्या पाइपाचे चौदा फूट शिल्लक राहतात, ते घडवंचीला.

लाकूड

टेबलाच्या पायांना आणि मांडणीला दोन बाय दीड इंचाची पाइनची पट्टी लागेल, एकूण साठ-बासष्ट फूट. वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं. हिशेब सोपा आहे: जाडी इंचात गुणिले रुंदी इंचात गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४. बासष्ट फुटांचे १.२९ घनफूट होतात. कापण्यातली नासधूस धरून दीड सांगा.

संभाजीनगर-जालन्याकडच्या लोकांना आणखी एक स्वस्त वाट आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या एमआयडीसीत यंत्रं आणि सुटे भाग पाइनच्या पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींवर, आणि खोक्यांत येतात, आणि रिकामं लाकूड भंगारवाल्यांकडे जातं. ते घेताना पॅलेटच्या ठोकळ्यावरचा शिक्का शोधा. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि शेजारी दोन अक्षरं असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेलं. त्याचा गाभा किमान अर्धा तास ५६ अंशांवर ठेवलेला असतो. ते घरात चालतं. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घेऊ नका. शिक्का कसलाही असो, तेलाचे किंवा रसायनाचे डाग पडलेलं लाकूड मुलांच्या खोलीत आणू नका.

पॅलेट खोलताना पहारीने फळ्या उचकटल्या तर निम्म्या चिरतात. फळी आणि ठोकळा यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापायचा, फळी अख्खी सुटते. उरलेलं खिळ्याचं टोक मागून ठोकून काढा.

गावाकडे बांधावरची बाभूळ असतेच. बाभळीचं लाकूड चिवट आणि जड. औत-तिफणीसाठी आपले लोक तेच वापरत आले आहेत. पण ओलं लाकूड फर्निचरला लावलं तर एप्रिल-मेच्या उन्हात तडकतं आणि सांधे उघडतात. एक उन्हाळा सावलीत वाळलेलं असेल तरच घ्या. पाइनही आणल्या आणल्या कापू नका, पंधरा दिवस त्याच खोलीत आडवं रचून ठेवा म्हणजे ते तिथल्या हवेला येतं.

हत्यारं

टेप, काटकोन तपासायचा गुण्या, हातकरवत, ड्रिल मशीन, कानस, पॉलिश पेपर, दोन शिकंजे (क्लॅम्प), १३ नंबरचे दोन पाने. ड्रिल मशीन भाड्याने मिळतं. वेल्डिंग मात्र स्वतः शिकत बसू नका. मापाचा कागद देऊन गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडून करून घ्या.

पलंग

पलंग तीन घोड्यांवर उभा राहतो: एक डोक्याशी, एक मध्ये, एक पायथ्याशी. एका घोडीला अठरा इंचांचे दोन पाय, त्यांच्या डोक्यावर तीन फुटांची आडवी नळी, आणि जमिनीपासून चार इंचांवर दुसरी. वेल्डिंगवाल्याला सांगा की खालची आडवी नळी पायांच्या बाहेरून जोडायची, म्हणजे तुकडा छाटायची गरज नाही. आधी चारही कोपऱ्यांत नुसते ठिपके मारून घ्यायचे, कर्ण मोजायचे, मग पूर्ण वेल्डिंग. पूर्ण वेल्डिंगनंतर कर्ण चुकला तर तो सुधारत नाही आणि पलंग कायमचा डुलत राहतो.

आता सहा फुटांच्या दोन नळ्या घ्या. या पायांच्या आतल्या अंगाला, डोक्यावरच्या आडव्या नळीच्या अगदी खाली चिकटून लावायच्या. नऊ मिलिमीटरचं भोक पाय आणि नळी दोन्हींतून एकदमच पाडा, शिकंज्यात धरून. वेगवेगळी भोकं पाडली की ती कधीच समोरासमोर येत नाहीत. त्यात आठ मिलिमीटरचा, ६५ मिलिमीटर लांबीचा बोल्ट, दोन्ही बाजूंना वायसर आणि नायलॉकचा, म्हणजे सहज सैल न होणारा, नट. असे सहा बोल्ट. आवळताना पाइपची भिंत आत दबायला लागली की थांबा.

चौतीस इंचांच्या दोन नळ्या या लांब नळ्यांवर आडव्या टाकायच्या, प्रत्येक दोन घोड्यांच्या मधोमध. त्यांच्या दोन्ही टोकांना खालून लोखंडी पट्टीचा इंचभर कान वेल्ड करून घ्या. कान लांब नळीच्या आतल्या अंगाला टेकतो आणि नळी सरकत नाही. लांब नळ्या घोडीच्या माथ्यापेक्षा एक इंच खाली आहेत आणि त्यांच्यावर एक इंचाची नळी पडली, म्हणजे पाचही आडव्या नळ्यांचे माथे एका पातळीत आले. दर अठरा इंचांना प्लायला आधार मिळाला.

इथपर्यंत आल्यावर पलंगाला लांबीच्या दिशेने ढकलून बघा. तो हलेल. एका सांध्यात एकच बोल्ट असला की तो सांधा बिजागरीसारखा फिरतो, कितीही आवळा. यावर उपाय तिरप्या पट्टीचा. भिंतीकडच्या बाजूला, डोक्याशी असलेल्या पायाच्या बुडापासून मधल्या पायाच्या माथ्यापर्यंत पाऊण-एक इंच रुंद, तीन मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी बोल्टने लावा. पायथ्याच्या बाजूलाही तशीच. एक पट्टी सुमारे चाळीस इंच लागेल. त्रिकोण तयार झाला की तो वाकत नाही, आणि पट्ट्या भिंतीकडे असल्याने समोरून सामान काढता-ठेवता येतं. बरेच कारागीर ही पट्टी 'कशाला' म्हणून टाळतात. तुम्ही टाळू नका.

मग प्लाय. तीन बाय तीनचे दोन तुकडे मधल्या घोडीवर अर्धा-अर्धा इंच टेकतात. तिथे बोल्ट घेऊ नका, कड फुटेल. प्रत्येक तुकडा टोकाच्या घोडीवर दोन आणि मधल्या आडव्या नळीवर दोन, अशा चार चपट्या डोक्याच्या बोल्टने धरा; सहा मिलिमीटर जाड, साठ मिलिमीटर लांब. बोल्टचं डोकं प्लायच्या पातळीखाली जाईल एवढी खाच वरून करा, नाहीतर गादी फाटते.

पलंगाखाली पुढच्या बाजूने सतरा इंच मोकळी उंची मिळते. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा चौदा इंचांच्या आसपास उंच असतो आणि सव्वानऊ इंच रुंद. दोन घोड्यांमधल्या एका कप्प्यात असे नऊ डबे बसतात. एका डब्यात सुमारे बारा किलो ज्वारी राहते, म्हणजे एका कप्प्यात क्विंटलभर धान्य. दुसऱ्या कप्प्यात पेटी आणि पांघरुणं. डबे थेट फरशीवर न ठेवता खाली पॅलेटच्या दोन पट्ट्या टाका; पावसाळ्यात फरशीला ओल धरते आणि पत्र्याची बुडं गंजतात.

एवढा खर्च जमत नसेल, तर गावाकडची बाज आणा. चौकट वाळलेल्या बाभळीची, विणकाम सुतळीचं किंवा नवारीचं. सकाळी उठलं की ती भिंतीला उभी लावता येते. लहान खोलीसाठी एवढी सोयीची दुसरी वस्तू मला माहीत नाही. फक्त तिच्या खाली धान्य ठेवता येत नाही, आणि विणकाम सैल झालं की पायथ्याची दोरी वेळेवर ओढून घ्यावी लागते, नाहीतर वाढत्या वयाच्या मुलाची पाठ धरते.

टेबल

टेबलाला चौकट नाही. दोन मिटणाऱ्या घोड्या आणि वर माथा. एका घोडीला दोन चौकटी. प्रत्येक चौकटीत २९ इंचांचे दोन पाय आणि वीस इंचांच्या दोन आडव्या पट्ट्या, एक अगदी वर, दुसरी जमिनीपासून सहा इंचांवर. सांध्याला फेव्हिकॉल आणि प्रत्येकी दोन स्क्रू. स्क्रूआधी बारीक भोक पाडून घ्या, पाइन टोकाला पटकन चिरतं. अशा दोन चौकटी वरच्या पट्ट्यांना दोन बिजागऱ्यांनी जोडल्या की एक घोडी झाली. मिटली की तीन इंच जाड राहते.

घोडी उघडल्यावर खाली पायांमध्ये चौदा इंच अंतर पडलं पाहिजे. त्यापेक्षा जास्त ठेवलं तर चार फुटी टेबलाखाली गुडघ्यांना जागा उरत नाही, कमी ठेवलं तर घोडी डळमळते. अंतर पक्कं करायला खालच्या दोन आडव्या पट्ट्यांना दोन्ही टोकांशी दोरी बांधा, ताणत नाही अशी. चौदा इंच उघडल्यावर माथा जमिनीपासून साधारण २९ इंचांवर येतो. अठरा इंच उंचीच्या खुर्चीवर बसणाऱ्याला ही उंची योग्य. मूल जमिनीवर मांडी घालून अभ्यास करणारं असेल तर पाय तेराच इंचांचे कापा आणि खाली पाच-सहा इंच अंतर ठेवा. माथा साडेतेरा इंचांच्या आसपास येईल.

माथा नुसता ठेवला तर सरकतो. त्याच्या खालून, घोडीचा कणा जिथे येतो तिथे दोन्ही बाजूंना वीस-वीस इंचांच्या पट्ट्या स्क्रूने मारा, मध्ये घोडीच्या डोक्याएवढी खाच ठेवून. माथा उचलून खाचेत बसवला की टेबल उभं. रात्री माथा पलंगामागे भिंतीला उभा सरकवायचा, घोड्या मिटून त्याच्या शेजारी. पलंग भिंतीपासून पाच इंच पुढे ठेवला की हे सगळं मावतं.

माथ्याच्या पुढच्या कडेवरून कानस आणि मग १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून ती गोल करा. तासन्‌तास मनगट तिथेच टेकणार आहे. धारदार कडेचा वळ उठतो आणि प्लायची कुसळं बोटांत जातात. हाताच्या पंज्याने कड चोळून बघितली आणि काही टोचलं नाही, म्हणजे काम झालं.

मांडणी

दोन फूट बाय एक फुटाच्या तीन फळ्या, चार फुटांचे चार उभे खांब, आणि बारा इंचांच्या सहा आडव्या पट्ट्या. दोन खांबांमध्ये तीन पट्ट्या लावून शिडीसारखी बाजू बनवा. पट्ट्या जमिनीपासून ६, २१ आणि ३६ इंचांवर. दोन बाजू उभ्या करून फळ्या पट्ट्यांवर टेकवा आणि स्क्रूने धरा. मागून पॅलेटच्या दोन पातळ फळ्या फुलीसारख्या मारा, तीच पलंगातली तिरप्या पट्टीची गोष्ट.

जाड पुस्तकं सगळ्यांत खाली, वह्या मध्ये, वर फक्त हलकं सामान. मांडणी पलंगाच्या उशाशी ठेवू नका आणि खिडकीच्या गजाला किंवा पलंगाच्या नळीला दोरीने बांधून टाका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसं झोपेत होती, आणि अंगावर पडलेल्या जड माळवदांनी आणि दगड-मातीच्या भिंतींनी हजारोंचा जीव घेतला. लातूर-धाराशिवच्या भागात झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर वजन नसावं, मग ती फळी असो की पेटी.

घडवंची

उरलेल्या चौदा फूट पाइपातून अठरा इंचांचे चार पाय, चौदा इंचांचे चार वरच्या चौकटीला आणि दोन खालच्या बंधाला. तेरा फूट पाइप लागतो. वर पॅलेटच्या पट्ट्या अर्ध्या इंचाच्या फटीने लावा, म्हणजे सांडलेलं पाणी खाली उतरतं. यावर वीस लिटरचा जार, माठ किंवा हंडा-कळशी ठेवा.

ड्रम मात्र यावर चढवू नका. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. दोनशे लिटरचा ड्रम दोन क्विंटलांचा होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, आणि आजही नळाला रोज पाणी येईलच असं नाही, म्हणून ड्रम प्रत्येक घरात असतोच. त्याची जागा जमिनीवर, मोरीजवळ, शहाबादी फरशीच्या तुकड्यावर. पलंग आणि प्लायपासून जेवढा लांब तेवढं चांगलं.

रंग, तेल आणि वाळवी

लोखंडाला आधी पॉलिश पेपर मारून थिनरने पुसा, मग रेड ऑक्साइडचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन. वेल्डिंगच्या सांध्यांना विसरू नका, गंज तिथूनच सुरू होतो. पाइपची उघडी तोंडं प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद करा, पायांना रबरी बूट घाला.

प्लायमध्ये पाणी कडेतून शिरतं, म्हणून चारही कडांना प्रायमर भरपूर पाजा. टेबलाच्या माथ्याला मी रंगाऐवजी जवसाचं तेल पसंत करतो. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं. फडक्याने पातळ हात चोळायचा, पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसून घ्यायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, पुन्हा एक हात. ते तेल लागलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चोळामोळा केलेलं फडकं काडी न लावता पेटू शकतं, मग आपल्याकडचा मे महिना असेल तर विचारूच नका. दोरीवर मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वाळवी लोखंडी पायांवरूनही मातीचा पदर धरत वर चढते, पण तिथे ती डोळ्यांना दिसते. आठवड्याला केर काढताना पायांवर एक नजर टाका. लाकडी मांडणी भिंतीला चिकटवून न ठेवता दोन इंच पुढे ठेवली की मागेही बघता येतं.

खोलताना आणि पुन्हा जोडताना

पहिल्यांदा जोडताना घोड्यांना १, २, ३ असे आकडे रंगाने टाका आणि नळ्यांच्या टोकांवर तेच आकडे, भिंतीकडच्या बाजूला एक ठिपका जास्त. भोकं एकत्र पाडलेली असल्याने प्रत्येक नळी आपल्याच पायाला नीट बसते. महिनाभराने सगळे बोल्ट एकदा तपासा, नंतर पावसाळा संपल्यावर. खोली सोडताना आधी प्लाय, मग आडव्या नळ्या, मग तिरप्या पट्ट्या, शेवटी लांब नळ्या, या क्रमाने खोला. नट आणि वायसर काढल्या काढल्या त्याच बोल्टवर परत चढवून एका पिशवीत भरा. आठ मिलिमीटरच्या बोल्टला १३ नंबरचा पाना लागतो. ते दोन्ही पाने त्याच पिशवीत टाका आणि पिशवी पलंगाच्या नळीला बांधा.